बायकांना बंद असलेला डोंगर

१

एझ्रा मामांना शोधायला डोंगरावर गेलेले तिघे खाली उतरून आले, पण तिघेच.

ती वाळक्या ओहोळाच्या अलीकडे उभी होती. ओहोळ तो केवढा, लहान पोरही उडी मारून पलीकडे जाईल. पण पलीकडे तांबडा खडक सुरू होतो आणि त्या खडकावर बाई पाऊल ठेवत नाही. मर्नाची आजी कधी गेली नव्हती, आई गेली नव्हती. मर्ना जिंबाला या आदिवासी वस्तीच्या रेंजर पथकाची प्रमुख होती. नदीच्या दोन्ही तीरांवरचा मुलूख तिने पालथा घातलेला. गवत कधी जाळायचं, चित्रांच्या कपारींभोवती कुंपण कुठे घालायचं, सगळं तिच्या शब्दावर चाले. तरी या ओहोळाशी आली की तिचे पाय आपसूक थांबत.

"लेनर्ड, बोल की रे!"

लेनर्ड वस्तीच्या पंचायतीचा अध्यक्ष आणि तिचा मामेभाऊ. एरवी दोघं भेटली की एकमेकांची टिंगल केल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. आज त्याने टोपी काढून मुठीत चुरगळली होती.

"एझ्रा काका वर नाहीत," तो म्हणाला. "आणि जे असायला हवं, तेही नाही."

"मोडतोड केलीय कुणी?"

"जागा रिकामी आहे. याच्यापुढे विचारू नकोस."

तिने विचारलं नाही. वर काय होतं हे तिला ठाऊक नव्हतं, आणि करून घ्यायचंही नव्हतं. पुरुषांच्या हवाली असलेलं, फार जुनं काहीतरी, आणि तिचे एझ्रा मामा त्याचे धनी. बस्स. पण मामांचा गुडघा गेला होता. दुकानापर्यंत चालायचं तरी ते वाटेत दोनदा बसत. परवा दुपारी ते आपल्या ओसरीवर चहा पीत होते, आणि त्यानंतर त्यांना कुणी पाहिलं नव्हतं. एवढ्या लांब ते आले असतील, तर कुणीतरी गाडीतून आणलं असणार. ही खोल वाळू कापू शकतील अशा गाड्या वस्तीत तीनच होत्या. एक रेंजरांची, एक लेनर्डची आणि एक त्या गोऱ्या संशोधकाची.

लेनर्डच्या मागे उभा असलेला म्हातारा डॅन एकदम खाली बसला.

"पोरी," तो म्हणाला, "वर आपण अनवाणी जातो. सगळेच. कायम. पण तिथे बुटांचे ठसे आहेत."

२

ड्रू हॅलोरनचा तंबू नदीकाठी होता. तीन हिवाळे तो इथे येत होता, कपारींतल्या चित्रांची मापं घेत होता, आणि वस्तीतल्या पोरांना त्याला नावाने हाका मारून चिडवायची सवय झाली होती. मर्ना पोचली तेव्हा तो चहाचा डबा चुलीवर ठेवून त्याच्याकडे नुसता बघत बसला होता. पाणी आटून डबा करपला होता.

"एझ्रा सापडले?" तिला पाहताच त्याने विचारलं.

ती त्याच्या बुटांकडे बघत राहिली. बुटांच्या शिवणीत तांबडी धूळ होती. नदीकाठची माती राखाडी असते.

ड्रूने पाय आखडून घेतले. मग दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"ड्रोन पडला माझा," तो म्हणाला. "गेल्या आठवड्यात. मी लांबूनच उडवत होतो गं मर्ना, खरंच, पण वाऱ्याने भरकटला आणि डोंगरावर पडला. वाटलं, पटकन जाऊन उचलून आणू. कुणाला कळायचंही नाही."

"वर गेलास तू."

"गेलो. आत काही पाहिलं नाही. शपथ घेतो. ड्रोन उचलला आणि पळालो."

"तुला एकच गोष्ट सांगितली होती, ड्रू. पहिल्या दिवशी. एकच." तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "बाकी हवं तिथे फीर म्हटलं होतं."

"एझ्रांना कळलं होतं. मीच सांगितलं, चार दिवसांपूर्वी. झोप लागेना म्हणून." त्याने करपलेला डबा चुलीवरून उतरवला. "त्यांनी काठी उगारली. मला वाटलं आता मारणार. मग काठी खाली घेतली आणि बराच वेळ डोंगराकडे बघत बसले. म्हणाले, 'आता इथं ठेवून चालणार नाही.' मी म्हटलं, मला हाकलतायत. सामान बांधायला घेतलं. पण नंतर कुणी काही बोललंच नाही."

"परवा दुपारी कुठे होतास?"

"इथेच. एकटा."

तो खोटं बोलत असेल, खरंही बोलत असेल. मर्ना माघारी वळली. पाठीमागून त्याचा आवाज आला, लहान मुलासारखा घाबरलेला.

"मर्ना, मी वर गेलो म्हणून... त्यांना काही झालं असेल का? असं होतं का खरंच?"

हा प्रश्न वस्तीतल्या प्रत्येक घरात सकाळपासून घोळत होता. बायकांनी पोरांना आणि गाद्यांना एकाच घरात गोळा केलं होतं. रूबी मावशीने दाराला आतून पलंग लावला होता. दोन कुटुंबं तर सामान भरून शहराच्या वाटेला लागली होती. डोंगराने एझ्राला नेलं, आता आणखी कुणाला तरी नेईल, असं उघड कुणी बोलत नव्हतं, पण कुणी एकटं विहिरीवरही जात नव्हतं.

"मला नाही माहीत," मर्ना म्हणाली, आणि आपल्यालाही तीच भीती वाटते आहे हे तिच्या ध्यानात आलं.

३

शोधाची सूत्रं नोएलने हातात घेतली होती. नोएल म्हणजे मर्नाच्या मोठ्या बहिणीचा मुलगा. बहीण तरणीताठी गेली, मग पोराला मर्नाने जेवू घातलं आणि एझ्रा मामांनी शिकवलं. माग काढायला, मासा भाल्यावर घ्यायला, गप्प बसायला. पस्तिशीला आला तरी तो मर्नाला "मावशी" म्हणताना मान खाली घालायचा. आज सकाळपासून त्याने पाण्याचा घोटही घेतला नव्हता.

रेंजरांची गाडी नोएलच चालवायचा. मर्ना तीत चढली, आणि तिला जुन्या धुराचा वास आला. गोडसर, कडवट.

"हा कसला रे वास?"

"डुक्कर आणलं होतं मारून," तो म्हणाला. "सडका वास जाईना, म्हणून पाला जाळला आत." सीटमागे रानडुकरांसाठीची बंदूक होतीच. तिने मान डोलवली.

खिडकीतून मान बाहेर काढून ती घसा बसेस्तोवर हाका मारत होती. "एझ्राऽऽ! एझ्रा मामाऽऽ!" पलीकडच्या तीरावरून इतरांच्या हाका येत होत्या, तेच नाव, वेगवेगळ्या आवाजांत. कावळे उडत होते. नोएल दात आवळून गाडी चालवत होता.

दुपार कलली तेव्हा त्याने रेडिओ उचलला. "सगळ्यांनी ऐका. माणसं आता जुळ्या गोरखचिंचेच्या उताराकडे वळवा. नदीच्या कडेकडेने, कड्याच्या खाली."

रेडिओ खरखरला. लेनर्डचा आवाज आला. "कुठला उतार?"

"जुळ्या गोरखचिंचेचा."

"असा कुठला उतार आहे बाबा? सरळ एझ्राचा उतार म्हण की! इथं जीव टांगणीला लागलाय आणि हा रेडिओवर कोडी घालतोय."

"तोच," नोएल म्हणाला, आणि रेडिओ ठेवून दिला.

वाटेत लेनर्डची गाडी त्यांना भेटली. मर्नाने त्याला बाजूला घेतलं. गेल्या आठवड्यात एझ्रा मामांच्या ओसरीवर त्यांचं आणि लेनर्डचं जे भांडण झालं होतं, ते सगळ्या वस्तीने ऐकलं होतं. लेनर्डला पर्यटकांसाठी डोंगराच्या पायथ्यापर्यंत रस्ता हवा होता. मामा म्हणाले होते, माझ्या प्रेतावरून ने रस्ता.

"परवा कुठे होतास तू?"

"शहरात. मीटिंगला."

"मीटिंग रद्द झाली होती, लेनर्ड. मला त्या दिवशीच फोन आला होता."

तो लालबुंद झाला. "तू काय पोलीस झालीस? एझ्रा काका माझ्या बापासारखे आहेत. बापासारखे काय, बापच! भांडलो म्हणून काय..."

"कुठे होतास?"

त्याने आजूबाजूला बघितलं. मग शर्टाची बाही वर सरकवली. कोपरापाशी सुईची खूण होती, भोवती काळंनिळं झालेलं.

"दवाखान्यात. मूत्रपिंडं गेलीत माझी. मशीनवर बसावं लागणार म्हणतात, म्हणजे मग शहरातच राहायचं." त्याचा आवाज फाटला. "घरी बोललो नाहीये अजून. तू बोललीस तर जीव घेईन तुझा, म्हातारे."

तिने नुसता त्याच्या दंडाला हात लावला. तेवढ्यात नदीकडून शिट्टी ऐकू आली. एक लांब, मग पुन्हा एक.

शोधपथकाने सकाळी ठरवलं होतं. जिवंत सापडले तर तीन आखूड. नाहीतर लांब.

४

ते कड्याच्या तळाशी होते, उतारापासून हाकेच्या अंतरावर, पुरुषांच्या जागेच्या बाहेर. त्यामुळे मर्ना जवळ जाऊ शकली.

कड्यावरून पडले होते हे उघड होतं. पण पडलेला माणूस असा निजत नाही. पाय सरळ केलेले होते. हात छातीवर घेतलेले होते. तोंडावर कागदी सालीच्या झाडाची मऊ साल पांघरलेली होती आणि ती वाऱ्याने उडू नये म्हणून दोन्ही बाजूंना नदीतले गोटे ठेवलेले होते. शेजारी वाळूत एक खळगा होता. कुणीतरी तिथे बराच वेळ बसून राहिलेलं होतं.

लेनर्ड गुडघ्यांवर कोसळला. म्हाताऱ्या डॅनने दगड उचलून स्वतःच्या कपाळावर मारून घेतला, रक्त आलं, तसा दुसऱ्यांदा मारला. दरीत रडण्याचा आवाज भरून राहिला. नोएल लांब उभा होता, झाडाला टेकून. तो जवळ आलाच नाही.

मामांचं नाव तिथेच थांबलं. गेलेल्या माणसाचं नाव जिंबालात कुणी घेत नाही. घेतलं तर तो वळून बघतो, आणि त्याला पुढे जाता येत नाही. ते नाव असलेल्या दुसऱ्या माणसाला आणि जागेलाही नवं नाव शोधतात. घरी येईस्तोवर लहान पोरंसुद्धा "ते आजोबा" म्हणू लागली होती.

मर्ना रडली नाही. तिला एकच गोष्ट दिसत होती, ते दोन गोटे. डोंगर कुणाच्या तोंडावर साल पांघरत नाही. डोंगर शेजारी बसून राहत नाही. मामांसोबत माणूस होता, त्यांच्यावर माया असलेला माणूस, आणि आज दिवसभर तो त्यांना शोधायचं नाटक करत त्या सगळ्यांमध्ये फिरला होता.

५

सकाळच्या विमानाने सार्जंट ब्रॅनिगन आला. जुना माणूस. इथल्या तीन लग्नांत जेवलेला आणि वीसेक अंत्यविधींना उभा राहिलेला. त्याने टोपी काढून रूबी मावशीच्या खांद्यावर हात ठेवला, मग मर्नाला बाहेर बोलावलं.

"खून दिसतोय, मर्ना. दुपारी हेलिकॉप्टर येतंय. तपासणीची टीम, कुत्री. वस्तू होत्या ती वरची गुहा बघावी लागेल."

"टीममध्ये बायका आहेत?"

"दोघी."

"कुणीच जाऊ शकत नाही वर. बायका तर नाहीच."

"मला कळत नाही असं वाटतं का तुला?" तो वैतागून म्हणाला. "पण वरून वस्तू गेल्यात, आणि त्यांचा धनी मेलाय. मी कोर्टात काय सांगू? डोंगर बंद होता म्हणून बघितलं नाही? कोण, कसं, का, एवढं मला कळलं असतं तर गोष्ट वेगळी. मग वर चढायची गरजच नाही."

"दुपारपर्यंत थांबशील?"

"हेलिकॉप्टर थांबवणं माझ्या हातात नाही. तू घाई कर."

ती मामांच्या ओसरीच्या कडेला बसली. आतल्या बायका आता घर धुरावत होत्या. करवंदीच्या ओल्या फांद्या निखाऱ्यांवर टाकून धूर कोपऱ्याकोपऱ्यांत फिरवायचा, गेलेल्याचा जीव घरात अडकू नये म्हणून. धूर दारातून बाहेर आला. गोडसर, कडवट.

मर्ना उठून उभी राहिली.

डुकराच्या वासासाठी कुणी करवंदी शोधत फिरत नाही. निलगिरीचा पाला हाताशी असतो. करवंदी आणतात ती मेलेल्या माणसासाठी. आणि गाडीतला तो धूर काल, मामा सापडायच्या आधीच, शिळा झालेला होता.

मग एकेक गोष्ट आपली जागा घेऊ लागली. तिला वाटलं, आता थांबावं, पुढे विचारच करू नये. पण डोकं थांबेना. 'आता इथं ठेवून चालणार नाही.' ड्रूला वाटलं, मामा त्याच्याबद्दल बोलतायत. मामा डोंगराकडे बघत बोलले होते. ज्या जागी परका बूट पडला, तिथे त्या वस्तू ठेवून चालणार नाही, असं म्हणत होते ते. म्हणजे चोरी झालीच नव्हती. धन्याने स्वतःच त्या हलवायला काढल्या होत्या. पण धनी एकटा त्यांना हात लावू शकत नाही. धनीपण बापाकडून येतं, राखण धन्याच्या बहिणीच्या वंशातल्या पुरुषाकडे जाते. धनी आणि राखणदार दोघं मिळूनच त्या उचलतात. मामांना चालवत नव्हतं, म्हणजे ओझं उचलणारा धडधाकट राखणदार हवा. असा माणूस वस्तीत एकच होता.

आणि काल दिवसभर सगळी दरी एका नावाने दुमदुमत होती. ड्रूने ते घेतलं. लेनर्डने चिडून घेतलं, रडून घेतलं. तिने स्वतः घसा बसेपर्यंत घेतलं. फक्त एका माणसाने ते एकदाही घेतलं नाही. जन्मभर ज्या उताराला तो 'एझ्राचा उतार' म्हणत आला, त्यालासुद्धा तो काल वळसा घालून गेला.

इतका चांगला वाढवला होता त्याला. तिनेच.

६

"मावशी, कुठे जायचंय?"

"उतारावर. फुलं ठेवायचीत म्हणतात बायका. जागा बघून येऊ."

नोएलने गाडी सुरू केली. ऊन डोळ्यांत टोचत होतं. वस्ती मागे दिसेनाशी झाली तेव्हा मर्ना म्हणाली, "करवंदी कुठून तोडलीस?"

त्याचे हात स्टिअरिंगवर घट्ट झाले.

"काल सकाळी आम्ही सगळे त्यांना हाका मारत होतो," ती पुढे म्हणाली. "तू एकदाही मारली नाहीस. तुला माहीत होतं, हाक मारली तर ते वळून बघतील."

गाडीचा वेग वाढला. उतार आला आणि गेला. नोएलने ब्रेक लावला नाही.

"नोएल, वळव गाडी."

तो समोर बघत होता. वाळू फर्रफर्र उडत होती. पुढे तांबडा डोंगर मोठा मोठा होत चालला होता, आणि ओहोळ दिसू लागला. सीटमागच्या बंदुकीची तिला आठवणही राहिली नाही. बंदुकीने माणूस मरतो, तेवढंच. पण हा तिला पलीकडे नेणार होता. आजी गेली नव्हती, आई गेली नव्हती, हजारो वर्षांत कुणी बाई गेली नव्हती. तिने डोळे घट्ट मिटले, दोन्ही हात त्यांच्यावर दाबले आणि डोकं गुडघ्यांत घातलं.

"नको रे पोरा," ती म्हणाली. "मार हवं तर. हे नको."

गाडी गचका खाऊन थांबली. तिने मान वर केली नाही. चाकं अलीकडे आहेत की पलीकडे, तिला कळत नव्हतं.

"अलीकडे आहोत," नोएल म्हणाला, आणि मग तो हुंदके देऊन रडायला लागला.

तिने डोळे उघडले. पुढची चाकं ओहोळाच्या काठावर टेकलेली होती.

तो तुटक तुटक बोलू लागला. आजोबांनी त्याला त्या दुपारी बोलावलं. वस्तू वस्तीतल्या जपणूकघरात, रेंजरांनी जुन्या चिजांसाठी बांधलेल्या घरात न्यायच्या म्हणाले, मागच्या बिनखिडकीच्या खोलीत, जिचं दार फक्त पुरुष उघडतील. तो वर गेला, त्यांना पाठीवर घेऊन. वस्तू बाहेर काढल्या. आणि मग कड्याजवळ त्याचा पाय पुढे पडेना.

"पत्र्याच्या खोलीत, मावशी! शेजारी कॉम्प्युटर, बाहेर लेनर्डचे पर्यटक. उद्या कुणी ड्रू येईल, म्हणेल फक्त एक फोटो. मी राखणदार आहे. नाही म्हणायचा हक्क आहे मला. मी म्हटलं, मी दुसऱ्या जागी ठेवतो, मी एकटा सांभाळतो. ते म्हणाले, एकट्याचं काही नसतं इथे. आणि हात पुढे केला. मी ओझं ओढलं. त्यांनी सोडलं नाही. मग सोडलं, आणि कड्यावरून खाली गेले."

गाडीच्या पत्र्यावर ऊन कडकडत होतं.

"तू खाली गेलास," मर्ना म्हणाली.

"गेलो."

"तेव्हा ते गेलेले होते?"

मर्नाला वाटलं, याने उत्तर देऊ नये.

"नाही," तो म्हणाला. "संध्याकाळपर्यंत होते."

"रेडिओ होता गाडीत."

"होता."

"नोएल..."

"विमान आलं असतं, लेनर्ड आला असता. आजोबांनी सगळ्यांना सांगितलं असतं कुठे न्यायच्या त्या. मी म्हटलं, थोड्या वेळाने बोलावतो. मी त्यांचा हात धरून बसलो होतो, मावशी. सारखा म्हणत होतो, आता बोलावतो. आता बोलावतो."

मर्नाने दार उघडलं, खाली उतरली, आणि गाडीच्या सावलीत ओकली. आकाशात लांबून पंख्यांचा आवाज येऊ लागला होता.

७

हेलिकॉप्टर वस्तीतच उतरलं आणि तिथेच थांबलं. नोएलने सार्जंटला सगळं सांगितलं, कड्याखालची जागा दाखवली, हात पुढे केले. वस्तू कुठे लपवल्या एवढं सांगितलं नाही.

"तुला ठाऊक आहे का?" ब्रॅनिगनने मर्नाला विचारलं.

"नाही. आणि मी विचारणार नाही."

ते नोएलने म्हाताऱ्या डॅनच्या कानात सांगितलं. पण वस्तूंना हात लावायला राखणदार हवाच, आणि डॅनच्याने ओझं उचलवणार नव्हतं. म्हाताऱ्यांनी झाडाखाली बसून बराच खल केला. मग लेनर्ड सार्जंटकडे आला. म्हणाला, बेड्या तासाभराने घाल. वस्तू जपणूकघरात न्यायचा गेलेल्या माणसाचा शब्द आहे, तो पुरा व्हायला हवा, आणि तो नोएललाच पुरा करावा लागेल. सार्जंट रस्त्याच्या टोकाला गाडीत बसून राहिला, डोंगराकडे पाठ करून.

ड्रूचा तंबू तोवर निघाला होता. तो जाताना कुणी हात हलवला नाही.

ऊन पिवळं झालं तेव्हा वस्तीतून ओरडा फिरला. बायका-मुलांनी आत जा. दारं लावा. मर्ना रूबी मावशीच्या घरात शिरली. खिडक्यांवर घोंगड्या टाकलेल्या होत्या. सगळ्या जणी जमिनीवर पालथ्या पडल्या, पोरांना पोटाशी घेऊन, तोंडं खाली. मर्नानेही कपाळ फरशीला टेकवलं.

आधी काहीच नव्हतं. कुत्रीसुद्धा भुंकत नव्हती. मग लांबून पुरुषांचं गाणं आलं, खालच्या पट्टीतलं, जमिनीतून आल्यासारखं. पोटाखालची फरशी थरथरत होती. एक पोर मुसमुसलं, तसा त्याच्या आईने त्याच्या तोंडावर हात दाबला.

पावलं आली. अनवाणी, जड, सावकाश. घरासमोर आली आणि थांबली.

गाणंही थांबलं. घरात कुणी श्वास घेत नव्हतं. रूबी मावशीची नखं मर्नाच्या मनगटात रुतली. बाहेर, भिंतीच्या अगदी पलीकडे, कुणीतरी ओझ्याखाली धापा टाकत होतं. त्या धापा मर्ना ओळखत होती. तापात फणफणलेल्या लहानग्या नोएलला कुशीत घेऊन तिने त्या ऐकल्या होत्या. तो रडत होता, आवाज न करता, पण तिला कळत होतं. त्याला एक पाऊलही पुढे टाकवत नव्हतं.

मध्ये फक्त पत्र्याची भिंत होती. हाक मारली असती तर त्याला ऐकू गेली असती.

मर्नाने ओठ फरशीवर दाबले आणि तळहाताने जमिनीवर हळूच एक थाप दिली. मग दुसरी. गाण्याच्या ठेक्यावर, पुरुषांनी सोडलं होतं तिथून. शेजारच्या बाईने थाप दिली. मग तिच्या पलीकडच्या बाईने. तोंडं खाली, डोळे मिटलेले, घरभर हात जमिनीवर पडू लागले.

बाहेर एक पाऊल उचललं गेलं. मग दुसरं.